खाणीचा गाळ आणि घराची भिंत

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. शतकाहून अधिक काळच्या उपशानंतर मागे उरल्या त्या करड्या टेकड्या. लोक त्यांना ‘सायनाइड डम्प’ म्हणतात. सोने मिळवण्यासाठी खडक दळून त्याचे पीठ करतात, त्यावर सायनाइडचे द्रावण वापरतात आणि उरलेला गाळ टाकून देतात. हा गाळ म्हणजे टेलिंग्ज. टनभर खडकातून हाती येते ते काही ग्रॅम सोने; बाकी जवळजवळ सगळा गाळच.

कोरड्या दिवसांत ही धूळ वाऱ्याबरोबर वस्तीत शिरते. दुसरीकडे बांधकामाच्या वाळूसाठी नद्या खरवडल्या जात आहेत. मग या गाळाच्याच विटा का पाडू नयेत? कोलारच्या गाळात काळी माती, तांबडी माती किंवा सिमेंट मिसळून तसे प्रयोग झालेही आहेत. वीट पुरेशी मजबूत होते का, हे तपासणे सोपे आहे. तिच्यातून काय, किती आणि कधी बाहेर पडेल, हे सांगणे अवघड आहे.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या ग्रँड जंक्शन या गावाने मोजली. तिथल्या युरेनियमच्या गिरणीतील टेलिंग्ज वाळूसारख्या दिसत आणि फुकट मिळत. १९५० व ६० च्या दशकांत लोकांनी त्या घराच्या जोत्यात भरल्या, काँक्रीटमध्ये मिसळल्या. युरेनियम काढून घेतले तरी रेडियम गाळातच राहते. त्यापासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो आणि फरशीच्या भेगांतून घरात येतो. पुढे सरकारी खर्चाने चार हजारांहून अधिक मालमत्तांमधून हा गाळ उकरून काढावा लागला. इथला धडा स्पष्ट आहे: सिमेंटमध्ये मिसळल्याने गाळाचा किरणोत्सार नाहीसा होत नाही. असा गाळ बांधकामात नकोच.

आर्सेनिक, शिसे यांसारख्या द्रव्यांची गोष्ट वेगळी आहे. ती नाहीशी करता येत नाहीत, पण बांधून ठेवता येतात. सिमेंटमधील चुन्याशी आर्सेनिकचा संयोग होऊन पाण्यात फारसे न विरघळणारे क्षार बनतात. फ्लाय अ‍ॅशवर तीव्र अल्कलीची क्रिया करून केलेल्या ‘जिओपॉलिमर’मध्येही काही धातू अडकून राहतात. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की सिमेंटचा अल्कधर्मीपणा उतरतो आणि आर्सेनिक पुन्हा सुटू लागते. शिशाचे उलटे: अल्कधर्मीपणा फार वाढला तरीही ते विरघळते. म्हणजे एका विषाला मानवणारे मिश्रण दुसऱ्याला मानवेलच असे नाही. भट्टीत भाजावे, तर आर्सेनिक धुरावाटे निसटू शकते. गाळात पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजे असतील, तर ती ओलाव्यात गंजून आम्ल तयार करतात आणि वीट आतून फुगून तडकते. त्यामुळे ती आधी वेगळी काढावी लागतात.

मग खात्री कशी करायची? अमेरिकेतील प्रचलित चाचणीत नमुना बारीक करून सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात १८ तास घुसळतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आर्सेनिक उतरले, तर त्या निकषावर तो कचरा ‘घातक’ ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा मात्र ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाचशेपट कमी. ती चाचणी कचरा कुठे टाकावा हे ठरवण्यासाठी आहे, मूल ज्या भिंतीला टेकून बसते तिच्यासाठी नाही. भिंतीसाठी अखंड वीट अनेक आठवडे पाण्यात ठेवून, पाणी बदलत मोजणी करावी लागते. मग वीट फोडून तीच तपासणी पुन्हा.

फोडून यासाठी, की आपल्याकडे वीट एका घरात संपत नाही. पाडलेल्या घराचे तुकडे दुसऱ्याच्या जोत्यात, अंगणात, रस्त्याच्या भरावात जातात. म्हणून अशा विटांचा पहिला उपयोग खाणीच्याच आवारात, रस्त्याच्या थरात किंवा संरक्षक भिंतीत व्हावा. प्रत्येक खेपेची तपासणी व्हावी आणि कुठला माल कुठे गेला याची नोंद राहावी. स्वस्त वीट सर्वांत आधी घेणारा माणूस गरीब असतो. प्रयोगशाळेचा अहवाल मागण्याची सोय त्याच्याकडे नसते. ती जबाबदारी विकणाऱ्याची आणि परवानगी देणाऱ्याची आहे.