पाचगणीचं नाव लावणारं गवत

उसाचा आणि ज्वारीचा एक दुर्मीळ भाऊबंद पाचगणीचं नाव लावतो, हे सातारा-सांगलीत फार थोड्यांना ठाऊक असेल. ‘डायकँथियम पंचगणीएन्स’ हे त्याचं शास्त्रीय नाव. फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅक्कन यांनी ते ठेवलं. गुरं आवडीनं खातात त्या मारवेलाचं हे जवळचं भावंड. ब्लॅटर १९३४ मध्ये वारले आणि १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा या दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातली रेखाटनं आर. के. भिडे यांची. ‘भिडिया’ ही गवताची प्रजाती त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

ऊस, ज्वारी, मका, मारवेल, कुसळी ही सारी एकाच गटातली गवतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात आधी एकवटून मग त्याची साखर करायची, ही त्यांची खासियत. या कामाला जादा ऊर्जा लागते आणि ती उन्हातून मिळते. म्हणूनच रणरणत्या उन्हात, कमी पाण्यावर ती जोमानं वाढतात. गर्द सावलीत मात्र हा खर्च झेपत नाही.

माण-खटाव, आटपाडी, जतकडच्या माळांवर हिवर, बोर, खैर अंतर राखून उभे असतात. त्यांच्या बारीक पानांतून ऊन खाली झिरपतं आणि बुंध्यापर्यंत गवत येतं. झाडं तुटून उजाड झालेलं हे जंगल, असं आपण समजत आलो, सरकारी दप्तरातही असे माळ ‘पडीक’ ठरले. संशोधक आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुनं मराठी साहित्य चाळून २०२५ मध्ये दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातली ही झाडं-गवताची माळरानं निदान साडेसातशे वर्षं तरी अशीच आहेत.

तरीही वृक्षारोपणाच्या उत्साहात अनेक टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेचा हा वृक्ष फोफावला की खालचं गवत हटतं. झाडं लावायला माझा विरोध नाही, पण माळावर खड्डे खणण्याआधी तिथं काय उगवतंय ते एका पावसाळ्यात तरी पाहायलाच हवं.

माळावरचं गवत टिकवायचं तर त्याच्या बियाण्याकडेही पाहायला हवं. मारवेल-कुसळीच्या दाण्याला लांब कुसळ असतं. सुकताना ते पिळतं, ओल लागली की उलगडतं आणि दाणा मातीत रुतवतं. कापणी दाणा झडल्यावर केली, तर पुढच्या पावसाचं बियाणं जमिनीतच राहतं.