घोड्याचे दात, ट्रॅक्टरच्या नळ्या

दत्तजयंती जवळ आली की आमच्या शहादा तालुक्यात दुसरा विषय नसतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. कुठकुठले व्यापारी येतात, तंबू पडतात, धूळ उडते. मला घोड्यातले काही कळत नाही, पण घोडा पारखणाऱ्या माणसांकडे पाहत राहायला आवडते. जाणकार माणूस जनावराच्या सजावटीकडे बघतच नाही. तो आधी तोंड उघडून दात पाहतो, मग अंगावरचे भोवरे, मग खूर, आणि सर्वांत शेवटी चाल. मालक बोलत असतो, हा पाहत असतो.

काही वर्षांपूर्वी असाच उभा असताना शेजारी आमचे जुने मिस्त्री भेटले. उभा जन्म ट्रॅक्टरखाली काढलेला माणूस. मी सहज म्हणालो, "मिस्त्री, मला एक जुना लहान ट्रॅक्टर घ्यायचाय. पंचवीस-अकरा मिळाला तर फारच बरं." ते हसले आणि समोरच्या घोड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गुरुजी, घोड्याचे दात बघा, ट्रॅक्टरच्या नळ्या बघा. रंग कोणाचाच बघू नका."

पंचवीस-अकरा म्हणजे एचएमटी २५११. ज्यांच्या घरी घड्याळ एचएमटीचे होते, त्यांना ही अक्षरे ओळखीची वाटतील. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने १९६१ पासून घड्याळे केली आणि १९७१ साली हरियाणातील पिंजोरला ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. मूळ घडण झेकोस्लोव्हाकियातल्या झेटर कंपनीची. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली त्या कंपनीचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला होता. आपल्या देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर त्याआधीचा, १९५९ साली फरिदाबादला निघालेला आयशर. आयशरची पुढची २४१ सारखी यंत्रे एका सिलिंडरची आणि हवेवर थंड होणारी. त्यांचा ठोका शिवारापलीकडून ओळखू येई. पंचवीस-अकरा मात्र दोन सिलिंडरचा, पाण्यावर थंड होणारा आणि पंचवीस अश्वशक्तीचा.

आमच्या नानांच्या मनगटावर एचएमटीचे घड्याळ होते आणि १९७६ साली दारात एचएमटीचा ट्रॅक्टर आला. मी तेव्हा बारा वर्षांचा. बँकेचे कर्ज काढून नानांनी तो घेतला होता. माय त्याला ओवाळायला गेली आणि निरांजन नेमके कुठे फिरवावे ते तिला कळेना, हे मला अजून आठवते. पहिल्याच आठवड्यात वाड्याच्या दरवाजातून आत घेताना डावा मडगार्ड चौकटीला घासला आणि चेपला. नाना दोन दिवस जेवले नाहीत.

तो ट्रॅक्टर सहा वर्षे आमच्याकडे राहिला. १९८२ साली आक्काचे लग्न ठरले. हप्ते थकलेले, त्यात दोन वर्षे कापूस हाती लागला नव्हता. नानांनी कोणाला न विचारता ट्रॅक्टर विकला. घेणारा गुजरातचा होता. तो नवापूरच्या बाजूने गाडी घेऊन गेला आणि मग ती कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. नानांनी पुन्हा बैल धरले. आक्का सासरी सुखात नांदली, पण माहेरी आली की रिकाम्या गोठ्याकडे बघून एकदा तरी म्हणायचीच, "माझ्यापायी नानांचा ट्रॅक्टर गेला." नाना असताना म्हणाली, नाना गेल्यावरही म्हणत राहिली.

छंद की गरज?

तुम्ही म्हणाल, निवृत्त मास्तरला हा कसला नाद लागला? इंग्लंड-अमेरिकेत अशा नादाची मोठी परंपरा आहे. तिथे बागेपुरते, भाजीच्या मळ्यापुरते छोटे ट्रॅक्टर फार पूर्वीपासून बनत आले. इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीने १९३६ साली पट्ट्यांवर चालणारा चिमुकला ट्रॅक्टर काढला. अमेरिकेत १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने 'कब कॅडेट' आणला. आज तिकडची मंडळी असली यंत्रे शोधतात, घासूनपुसून जत्रेत मांडतात. आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरला एकच गिऱ्हाईक, भंगारवाला. आणि तो किलोवर घेतो.

माझ्या बाबतीत मात्र छंदाइतकीच गरजही होती. भावांच्या वाटण्या होऊन आमच्याकडे चार एकर राहिले. मुलगा त्यात पपई लावतो. आमच्या भागात आता पन्नास अश्वशक्तीचे धिप्पाड ट्रॅक्टर भाड्याने मिळतात, पण ते पपईच्या ओळीत वळत नाहीत. वळवले तर दोन झाडे जातात. बैलजोडी बारा महिने पोसणे चार एकराला झेपत नाही. लहान जमिनीला लहान यंत्र हवे, हे आपल्या लोकांना चांगले कळते. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलच्या मागे कोळप्याची अवजारे जोडून 'बुलेट सांती' केली, ती याच अडचणीतून. नवे छोटे ट्रॅक्टर आज मिळतात, पण त्यांची किंमत आमच्या आवाक्यात नव्हती. म्हणून जुना बघायचे ठरले, आणि जुनाच घ्यायचा तर पंचवीस-अकरा.

पारख

पहिला सौदा दोंडाईच्याच्या बाजूला पाहिला. रंग असा की आरशासारखे तोंड दिसावे. बॉनेटवर मोठ्या अक्षरांत '२५११'. मी जवळजवळ विसार देऊन बसलो होतो. मिस्त्रींनी बॉनेट उचलले आणि मला जवळ बोलावले. "मोजा." डिझेल पंपातून इंजिनाकडे पोलादी बारीक नळ्या जातात. जितके सिलिंडर, तितक्या नळ्या. मी मोजल्या, तीन भरल्या. पंचवीस-अकराला दोनच असायला हव्यात, तीन म्हणजे पस्तीस-अकरा. एचएमटीच्या या आकड्यांत पहिले दोन म्हणजे साधारण अश्वशक्ती, हेही मला तेव्हाच समजले. अंग एकाचे, इंजिन दुसऱ्याचे. मिस्त्रींनी मग आरसी बुक मागितले. त्यावरचा इंजिन नंबर आणि लोखंडावरचा नंबर यांचा मेळ नव्हता. आम्ही चहा प्यालो आणि परत आलो.

त्या दिवशी मी जे शिकलो ते जुने यंत्र घेणाऱ्या कोणाच्याही उपयोगाचे आहे. रिबिटांनी बसवलेली पत्री बदलता येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. लोखंडात ठोकलेला नंबर बदलायचा तर आधी जागा घासावी लागते आणि घासलेली जागा बोटाला कळते. नंबरावर कोरा कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की छाप उठतो, तो आरसी बुकाशी ताडून पाहावा. नंबरपाटीही बोलते. तीन अक्षरांची जुनी पाटी १९८९ च्या आधीची. एमएच-१८ म्हणजे धुळे, एमएच-३९ म्हणजे नंदुरबार. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे इथल्या जुन्या ट्रॅक्टरवर पहिल्यापासून एमएच-३९ असे कोणी सांगत असेल तर कागद पुन्हा बघावेत.

दुसरा ट्रॅक्टर प्रकाशाच्या रस्त्याला एका भंगाराच्या आवारात होता. मागची चाके मातीत रुतलेली, सीटवर वेल चढलेला. नळ्या दोन. मी वेल बाजूला केला आणि माझे हात थांबले. डावा मडगार्ड चेपलेला होता, अगदी चौकटीला घासल्यासारखा.

त्या रात्री मला झोप आली नाही. नानांच्या ट्रंकेत कर्जाचे कागद होते, त्यात चेसिस नंबर होता. सकाळी तो लिहून घेतला आणि पेन्सिल-कागद घेऊन आवारात गेलो. जागेवरचे ग्रीस रॉकेलने पुसले, छाप घेतला. पहिले आकडे जुळले. पुढचे जुळले नाहीत. पुन्हा घेतला, तरी नाही. ट्रॅक्टर त्याच जातीचा होता, पण आमचा नव्हता. चेपलेले मडगार्ड काय, प्रत्येक गावात वाडा असतो आणि प्रत्येक वाड्याला अरुंद दरवाजा.

तरी कागद स्वच्छ होते, मूळ मालकाचे वारस सही द्यायला तयार होते. मी तो घेतला, किलोच्या भावाने.

निजलेले यंत्र

इंजिन जाम होते. मला वाटले, संपले. मिस्त्रींनी इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "हाई मरेल नही शे गुरुजी, निजेल शे." त्यांनी नोझल काढले आणि त्या भोकांतून दोन्ही सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल मिसळून ओतले. मग म्हणाले, आता आठ दिवस हात लावायचा नाही. जोर लावून फिरवले तर पिस्टनच्या रिंगा तुटतात, गंज मात्र सुटत नाही. नवव्या दिवशी पुलीला लांब पाना लावला. बोटभर हलले. मग मागे, मग पुन्हा पुढे. तासाभरात पूर्ण फेरा झाला. आम्ही दोघे बोललो नाही, मुलगा मात्र ओरडला.

पुढचे काम चार महिने चालले. टाकीतून चिखल निघाला, रेडिएटरमधून मूठभर गंज. लायनर-पिस्टन नवे टाकावे लागले, क्रँक घासून घ्यावी लागली, पंप दुरुस्तीला धुळ्याला पाठवला. सरकारने २०१६ साली पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचे ठरवले, त्यामुळे अस्सल सुटे भाग आता जुन्या दुकानांच्या माळ्यांवरच सापडतात. बाकी लुधियानाकडचा माल. तो बसवण्याआधी मिस्त्री प्रत्येक भाग जुन्याशेजारी ठेवून मापत. एकूण खर्च खरेदीच्या दुप्पट झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मिस्त्रींसारखा माणूस जवळ नसेल तर या फंदात पडू नये.

रंगाचा प्रश्न आला तेव्हा पेंटर मडगार्ड ठोकून सरळ करायला निघाला होता. मी थांबवले. चेपलेला राहू दे म्हणालो.

खरे की खोटे

ट्रॅक्टर सुरू झाला त्या दिवशी आधी पांढरा, मग काळा धूर निघाला आणि मग ठोका स्थिर झाला. बेचाळीस वर्षांनी तो आवाज आमच्या अंगणात होता. संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाली, "आक्कांना सांगा, तोच आहे म्हणून. मडगार्ड आहेच. नंबर कोण बघतंय? त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरेल."

मला ते पटत होते. खोटे बोलून कोणाचे वाईट होणार नव्हते. पण पाच महिने मी एकच गोष्ट शिकलो होतो, की रंगावर जायचे नाही. शिवाय हा ट्रॅक्टरही कोणाच्या तरी नानांनी ओवाळून घेतला असणार. त्याला आमचा म्हणायचे तर त्यांचा पुसावा लागला असता.

आक्का दिवाळीला आली. अंगणात पाय ठेवला आणि थबकली. जवळ गेली, मडगार्डच्या खड्ड्यात तळवा ठेवला. "तोच?" तिने विचारले.

"नाही आक्का. जात तीच, नंबर वेगळा. कागदांशी ताडून पाहिला."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, चुकलेच. मग तिने पदर खोचला आणि नातवाला म्हणाली, "चालव रे, मला बांधापर्यंत ने." मडगार्डवर बसून ती पपईच्या ओळींमधून शेवटच्या बांधापर्यंत गेली आणि परत आली. उतरल्यावर लुगड्यावरची धूळ झटकत म्हणाली, "तो नाही ते बरं झालं. तोच असता तर माझ्यानं बसवलं नसतं."

त्यानंतर ती माहेरी तीनदा येऊन गेली. गोठ्याकडे बघून ते जुने वाक्य मात्र बोललेली नाही. पोरगा रोज सकाळी ट्रॅक्टर काढतो, आणि दरवाजातून बाहेर पडताना डावी बाजू जरा सांभाळतो.