किती उचलते, त्यापेक्षा कुठे उतरते

अरुणाचल प्रदेशातले मेचुका चीनच्या सीमेजवळच्या खोऱ्यात वसले आहे. उंची सुमारे ६,२०० फूट, चहूबाजूंनी डोंगर आणि धावपट्टी अवघी ४,२०० फुटांची. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी हिच्या अडीच पटींहून लांब आहे. ३ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतीय हवाई दलाने आपले सर्वांत अवजड विमान, सी-१७ ग्लोबमास्टर, या पट्टीवर उतरवले. मालवाहू विमानाची थोरवी टनांत मोजायची आपल्याला सवय आहे आणि त्या मोजणीतही सी-१७ कमी नाही. त्याच्या पोटात सुमारे ७५ टन माल मावतो आणि पूर्ण भरल्यावर त्याचे वजन २६५ टनांपर्यंत जाते. पण निव्वळ वजनाच्या शर्यतीत अमेरिकेचेच सी-५ गॅलक्सी आणि युक्रेनमध्ये घडलेले अंतोनोव्ह-१२४ त्याच्या कितीतरी पुढे आहेत. सी-१७ चा खरा कस माल उचलण्यात नाही, तो जिथे हवा तिथेच नेऊन टेकवण्यात आहे. त्याच्या आराखड्यातली जवळजवळ प्रत्येक तडजोड या एका हट्टापायी झाली आहे.

हा हट्ट जुन्या अडचणीतून आला. अमेरिकेचे सी-५ महासागर ओलांडून रणगाडा नेई, पण उतरे मोठ्या तळावर. पुढचा पल्ला लहान सी-१३० हर्क्युलिसने गाठायचा, तर त्यात रणगाडा शिरतच नाही. म्हणजे मधल्या तळावर माल अडकणार. लांब पल्ला आणि आखूड धावपट्टी हे दोन्ही एकाच विमानाला जमावे, अशी मागणी पुढे आली. मॅकडॉनेल डग्लसने १९७५ मध्ये उडवलेल्या वायसी-१५ या प्रायोगिक विमानात आखूड धावपट्टीचे उत्तर तयार होते. १९८१ मध्ये कंपनीची निवड झाली आणि १५ सप्टेंबर १९९१ रोजी पहिले सी-१७ कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून उडाले.

ते उत्तर पंखाच्या मागच्या कडेला आहे. विमान हळू उडू लागले की पंखाची उचल कमी होते. म्हणून उतरताना बहुतेक जेट विमाने पंखामागच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, खाली सोडतात आणि इंजिनाचा झोत त्या फ्लॅपना लागू नये याची काळजी घेतात. सी-१७ मध्ये नेमके उलटे केले आहे. चारही इंजिने पंखाखाली अशी टांगली आहेत की त्यांचा झोत थेट उघड्या फ्लॅपवर जातो, फटींतून निसटतो आणि खाली वळतो. इंजिनाचा रेटा विमान पुढे ढकलता ढकलता त्याला वरही तोलून धरतो. त्यामुळे एवढे धूड हळू आणि तीव्र कोनात उतरू शकते. या झोताची झळ सोसण्यासाठी फ्लॅपमध्ये टायटॅनियम वापरावे लागले, आणि वैमानिकाला वेगळी सवय लावून घ्यावी लागली. इथे किती झपाट्याने खाली यायचे हे मुख्यतः इंजिनाच्या ताकदीवर ठरते आणि वेग राखला जातो नाकाच्या कोनावर. शेवटच्या क्षणी नाक उचलून हळुवार टेकण्याचा प्रवासी विमानांचा रिवाजही इथे चालत नाही. ठरलेल्या जागी चाके घट्ट टेकली पाहिजेत, कारण तरंगत गेलेला प्रत्येक फूट आखूड पट्टीतून वजा होतो.

टेकल्यावरचे कामही तितकेच मोलाचे. उलटा रेटा देताना सी-१७ ची इंजिने झोत पुढे आणि वर फेकतात. त्यामुळे कच्च्या पट्टीवरची धूळ-खडी इंजिनात फारशी ओढली जात नाही आणि इंजिने चालू असतानाही माणसे मागे माल उतरवू शकतात. याच रेट्याने विमान स्वतःच्या बळावर मागे जाते, थोडा चढ असला तरी. वैमानिकांना मागचे काही दिसत नाही, म्हणून लोडमास्टर मागच्या बाजूने पाहून त्यांना वाट सांगतो. अरुंद स्थानकात एसटी मागे घेताना कंडक्टर जे करतो तेच हे काम, फक्त गाडी पावणेदोनशे फूट लांबीची. विमानात एरवी दोन वैमानिक आणि हा एक लोडमास्टर, एवढीच माणसे पुरतात. माल कुठे ठेवायचा, तोल कसा राखायचा, साखळ्या कशा कसायच्या, हे सगळे त्याच्याकडे.

यावर पहिला आक्षेप असा की मेचुकासारख्या पट्ट्यांवर सी-१७ रोज उतरतेच कुठे? बहुतेक फेऱ्या लांब धावपट्टीवरून लांब धावपट्टीवर होतात आणि आखूड पट्टीवर उतरायचे तर पूर्ण भार नेताही येत नाही. हे खरेच आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत ऑक्सिजनची टंचाई असताना सी-१७ ने पुण्याहून जामनगरला रिकामे टँकर नेले. दोन्हीकडे पट्ट्या ऐसपैस. पण टँकर चाकांवर चालत विमानात शिरू शकला तो जमिनीलगतच्या फरशीमुळे, मागच्या रॅम्पमुळे आणि पंख छतावर बसवल्यामुळे. ही सोय कच्च्या पट्टीसाठीच केलेली आहे. जंबो जेटच्या मालवाहू विमानाची फरशी जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच असते. तिथे उचलयंत्राशिवाय पान हलत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०११ मध्ये भारताने दहा विमानांसाठी सुमारे ४.१ अब्ज डॉलर मोजले आणि पुढे कॅगने दाखवून दिले की पुरेशा भक्कम धावपट्ट्या आणि जमिनीवरची उपकरणे नसल्याने त्यांचा वापर क्षमतेपेक्षा बराच कमी होत होता. पांढरा हत्ती म्हणणाऱ्यांना हा आयता पुरावा मिळाला. पण यात दोष हत्तीचा किती आणि गोठ्याचा किती, हे वेगळे करून पाहायला हवे. गलवानच्या संघर्षानंतर २०२० मध्ये लेहला रणगाडे झटपट पोचवायची वेळ आली, तेव्हा हे काम करू शकणारी विमाने हवाई दलाकडे मोजकीच होती आणि त्यांत सी-१७ अग्रभागी होते.

खरी चिंता या दोन्ही आक्षेपांच्या पलीकडची आहे: नवे सी-१७ आता मिळणार नाही. हे विमान जन्मापासूनच अडखळत आले. १९९२ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत त्याचा पंख कमाल भाराच्या १५० टक्के ताण सोसण्याऐवजी १२८ टक्क्यांवरच खचला. खर्च इतका फुगला की १९९३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने दोन वर्षांत कारभार सुधारा, नाहीतर ४० विमानांवर थांबू, अशी तंबी दिली. विमान त्यातून सावरले, एकूण २७९ बनली आणि मग मागणी आटली. २०१५ मध्ये लाँग बीचची जोडणी बंद पडली. भारताला आणखी विमाने हवी होती, पण त्यानंतर एकच मिळाले, २०१९ मध्ये. हिंडन हवाई तळावरच्या ८१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आज अशी ११ विमाने आहेत आणि बारावे मिळण्याची वाट उरलेली नाही. वडोदऱ्यात सी-२९५ ची जोडणी सुरू झाली ती चांगलीच गोष्ट, पण त्याची क्षमता नऊ टनांच्या आसपास. हवाई दल ज्या मध्यम विमानाच्या शोधात आहे ते १८ ते ३० टनांचे. ४६ टनांचा टी-९० रणगाडा यांपैकी कशातच जाणार नाही, आणि सी-१७ च्या जोडीला असलेली आयएल-७६ विमाने १९८५ पासून राबत आहेत.

असे असताना या अकरा विमानांकडे कामांची रीघ लागते. काबूलमधून दूतावासाची माणसे आणायची, युक्रेनमधून सुटलेले विद्यार्थी आणायचे, भूकंपग्रस्त तुर्कस्तानला बचाव पथक न्यायचे, सोमालियाजवळच्या समुद्रात कमांडो आणि त्यांच्या बोटी टाकायच्या. यांतली बरीच कामे दुसऱ्या कुणाला जमली नसती. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले १२ चित्तेही सी-१७ मधूनच ग्वाल्हेरला आले आणि त्याच्या पाचच महिने आधी नामिबियातले चित्ते भाड्याच्या जंबो जेटने सुखरूप पोचले होते. जे भाड्याच्या विमानाने होते त्यासाठी बदली न मिळणाऱ्या विमानाच्या आयुष्यातले तास खर्ची घालणे परवडणारे नाही. प्रत्येक उड्डाण सांगाड्यावर ताण देते आणि मेचुकासारखी प्रत्येक उतरण जास्तच देते. तो ताण मेचुकासाठीच राखून ठेवायला हवा. सी-१७ कडे काम सोपवण्याआधी एकच प्रश्न विचारला जावा: हे दुसऱ्या विमानाने होईल का? उत्तर हो असेल, तर ग्लोबमास्टर हिंडनलाच उभे राहू द्यावे.