हाडांची साक्ष

आज मेहसाणा जिल्ह्यात असलेलं लांघणज हे गाव १९४०च्या दशकात बडोदा संस्थानात होतं. तिथल्या वाळूच्या टेकाडात डॉ. हसमुख सांकलिया यांच्या पथकाला दगडाच्या बारीक हत्यारांसोबत माणसांचे सांगाडे मिळाले, पाय पोटाशी घेऊन पुरलेले. मध्याश्मयुगातली ही माणसं कोण, याचा शोध घ्यायला सांकलियांबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वेही आल्या.

‘युगान्त’च्या लेखिकेची ही बाजू मराठीत फार बोलली गेली नाही. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हा फरक वंशाशी जोडलेला असावा, अशी फिशर यांची अपेक्षा. कर्व्यांच्या मोजमापांत तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी ते तसंच मांडलं. हाडं वाचणाऱ्याच्या अंगी पहिला हाच गुण हवा.

१९६३ साली लांघणजला पुन्हा खोदकाम झालं. तिथले सांगाडे अभ्यासणाऱ्यांपैकी केनेथ केनेडी यांनी अमेरिकेत न्यायवैद्यक मानवशास्त्रातही नाव कमावलं. हे स्वाभाविकच होतं. प्राचीन दफन असो की पोलिसांना सापडलेला बेवारस सांगाडा, प्रश्न तेच. हाडं माणसाचीच का? किती जणांची? बाईची की पुरुषाची? वय काय, उंची किती?

बाईच्या कटिरातली मागची खाच सहसा रुंद असते, पुरुषाची अरुंद. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधतात. मुलांचं वय दात सांगतात. वाढत्या हाडाचं टोक दांड्याशी सांधतं त्यालाही क्रम आहे: मनगट साधारण विशीच्या आत, गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक मात्र पंचविशीच्याही पुढे. आयुष्यभराच्या कष्टांनी स्नायूंच्या जागी उमटलेल्या खुणा हा केनेडींचा खास विषय होता.

हेच ज्ञान जिवंत माणसालाही लागतं. आरोपी अठराच्या आतला की बाहेरचा, यावर खटला बालन्याय मंडळापुढे चालणार की नेहमीच्या न्यायालयात, हे बहुतेकदा ठरतं. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच नोंदवलं आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही दोन वर्षं म्हणजे सगळं आयुष्य.

हाडं वय, लिंग, उंची सांगतात. नाव सांगत नाहीत. नावासाठी जुळवायला काहीतरी लागतं: जुना एक्स-रे, दातांची नोंद, नातलगाचं रक्त. जून २०२५मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हा ओळख न पटणाऱ्या देहांना घरच्यांच्या डीएनएनेच नाव परत मिळालं.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. मूल जन्मलं की २१ दिवसांत नोंद करा. दातांचे, हाडांचे एक्स-रे रद्दीत टाकू नका. घरचं कुणी बेपत्ता झालं, तर तक्रारीबरोबर हे कागदही पोलिसांच्या हाती द्या. हाडं वाचणारा जाणकार कितीही निष्णात असला, तरी जुळवायला हातात काही नसेल तर त्याचं काम अर्ध्यावरच थांबतं.