वल्लारैची कैफियत

तंजावरच्या उत्तरेस कावेरीतीरी वसलेल्या तिरुवैयारु क्षेत्राचे नाव निघाले की पंचनदीश्वराचे देवालय आणि त्यागराजांची समाधी यांचे स्मरण होते. परंतु त्या पाणथळ मुलखात जमिनीलगत पसरणारी, जिला तमिळ लोक वल्लारै म्हणून भाजीत घालतात आणि आपले वैद्य मंडूकपर्णी म्हणतात, ती वनस्पतीही आज वैद्यकाच्या जिज्ञासेचा विषय झाली आहे.

त्याचे एक कारण स्क्लेरोडर्मा हा संयोजी ऊतींचा दुर्धर विकार. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वकीयांवरच उलटते. गारठ्याने बोटे पांढरी-निळी पडतात, त्वचा ताठर होते, आणि कित्येकांच्या फुप्फुसांतही तोच ताठरपणा शिरून श्वास अपुरा पडू लागतो. जखम भरण्यासाठी कोलॅजनचे तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना टीजीएफ-बीटा हे प्रथिन अखंड चेतवीत राहते, आणि कार्य संपले तरी त्या थांबत नाहीत.

मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड हे द्रव्य, वाढीव व्रणांतील पेशींवर प्रयोगशाळेत योजले असता, त्या चेतनेला पेशीच्या आतच आवर घालणाऱ्या स्मॅड-७ या प्रथिनाचे प्रमाण वाढविते, असे आढळले आहे. आश्चर्य असे की ताज्या जखमेत हेच द्रव्य कोलॅजनच्या निर्मितीस साहाय्य करते. म्हणजे मात्रा, समय आणि ऊतीची अवस्था यांचा विवेक सुटला तर गुणाचा अवगुण होण्यास विलंब लागणार नाही. स्क्लेरोडर्माच्या रोग्यांवर या वनस्पतीच्या अर्काचे प्रयोग झाले, पण लहान प्रमाणावर. तेवढ्यावरून आशा बाळगावी, ग्वाही देऊ नये.

हा विवेक तंजावरच्या मातीला परका नाही. 1798 ते 1832 पर्यंत राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यक एकत्र आणले, रोग्यांच्या हकीकती दप्तरी नोंदविल्या, आणि अनुभवास उतरलेले इलाज तमिळ पद्यात ग्रथित करविले; ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही ग्रंथमाला त्याचे फलित होय. औषधाची थोरवी त्याच्या प्राचीनत्वावरून न ठरविता रोग्याला आलेल्या गुणावरून ठरवावी, ही दृष्टी त्या उद्योगात होती.

म्हणून स्क्लेरोडर्माच्या रोग्याने वल्लारैचा काढा घ्यायचा झाल्यास आपल्या डॉक्टरांना आधी सांगावे, आणि चालू उपचार त्यासाठी कदापि सोडू नयेत. संशोधकांनी मात्र तिची कैफियत मोठ्या व काटेकोर चाचण्यांसमोर रुजू करावी; ज्यांची त्वचा आणि श्वास दिवसेंदिवस आवळत चालले आहेत, त्यांचे तेवढे देणे आपण लागतो.