पावणेतीन मिलिमीटरची तफावत
रेल्वेच्या प्रतिकृतीत नागभीड नेमके कसे उतरेल?

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड जंक्शनवर २०१९ पर्यंत दोन मापांचे रूळ नांदत होते. एकीकडे गोंदियाहून चांदाफोर्ट, बल्लारशाकडे जाणारा ब्रॉडगेज मार्ग, तर दुसरीकडे नागपूरच्या इतवारी स्थानकातून उमरेड, भिवापूर अशी गावे घेत येणारी नॅरोगेज गाडी. मुळात हे दोन्ही मार्ग अडीच फुटीच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने विणलेल्या जाळ्याचे ते धागे. गोंदिया-चांदाफोर्ट मार्गाचे रूपांतर नव्वदच्या दशकात पार पडले. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेचे तोंड दाखवणारे वडसा स्थानक याच मार्गावर आहे. नागपूर-नागभीड ही सुमारे १०६ किलोमीटरची नॅरोगेज मात्र टिकून राहिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद झाली.

हे जंक्शन टेबलावर उभे करायचे ठरवले तर? खेळण्यातली आगगाडी वेगळी आणि 'फाइनस्केल' म्हणजे मापाशी इमान राखणारी प्रतिकृती वेगळी. हा फरक समजून घ्यायला नागभीडइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

जगभरात सर्वाधिक चालणारे प्रमाण १:८७ हे आहे. 'एचओ' या नावाने ते ओळखले जाते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १ एप्रिल १९९८ रोजी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणातले. वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंतच्या गाड्या तिथे एका काल्पनिक शहरातून धावतात. तो खेळ आबालवृद्धांना खिळवून ठेवतो. पण तो काल्पनिक शहराचा देखावा आहे. विशिष्ट स्थानकाची हुबेहूब नक्कल करणे हे त्याचे उद्दिष्ट नाही.

नक्कल करायची म्हटली, की गणित आडवे येते. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. १:८७ प्रमाणात ते १,४३५ मिलिमीटरच्या, म्हणजे युरोप-अमेरिकेतील स्टँडर्ड गेजचे रूप दाखवतात. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. त्यासाठी प्रतिकृतीत १९.२५ मिलिमीटर हवेत. ही पावणेतीन मिलिमीटरची तूट कागदावर क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात भारतीय डबा अशा रुळांवर ठेवला, की तो अरुंद पायांवर तोल सावरत उभा असल्यासारखा दिसतो.

नॅरोगेजच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल आहे. ७६२ मिलिमीटरचे १:८७ प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. ऑस्ट्रियातील डोंगरी रेल्वे ७६० मिलिमीटरची असल्याने त्या मापाच्या प्रतिकृतींना युरोपात मोठे गिऱ्हाईक आहे. तिथला तयार सांगाडा आणि मोटर घेऊन वर विदर्भातील इंजिनाचे अंग चढवता येते. नागभीडची खरी अडचण म्हणजे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसणार. वास्तवात ब्रॉडगेज नॅरोगेजच्या २.२ पट रुंद. तयार रुळांवर ते गुणोत्तर १.८३ वर येते. पाहणाऱ्याला आकडे ठाऊक नसले, तरी हे ते स्थानक नव्हे हे त्याच्या डोळ्याला कळते. म्हणून ब्रॉडगेजचे रूळ हातानेच घालावे लागतात: एकेक स्लीपर कापून, त्यावर रूळ डाखून.

इंग्लंडमधील हौशी मंडळी याच वाटेने गेली. तिथे गाड्यांचे प्रमाण १:७६ आणि रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे, अशी विसंगती रूढ झाली होती. ती दूर करण्यासाठी आधी १८.२ आणि पुढे १८.८३ मिलिमीटरचे गेज स्वीकारले गेले.

गेज साधले म्हणजे संपले असे नाही. एचओचे सर्वसाधारण चाक २.७९ मिलिमीटर रुंद असते. ते ८७ पट केले तर २४३ मिलिमीटर भरते. खरे चाक १२७ मिलिमीटरचे. तीच गत रुळाच्या उंचीची. बाजारातील जाड रूळ २.५४ मिलिमीटर उंच, तर ५२ किलो वर्गाचा १५६ मिलिमीटरचा भारतीय रूळ जेमतेम १.८ मिलिमीटर व्हायला हवा. चाकाची आतली कड तर मिलिमीटरच्या एक तृतीयांशावर येते. एवढ्याशा कडेने गाडी रुळावर धरून ठेवायची, तर चारही चाके सतत टेकलेली हवीत. त्यासाठी एक आस मधोमध टेकूवर डुलता ठेवतात. खेळण्यातील गाडी वाकड्यातिकड्या रुळांवरून खुशाल धावते. ही धावत नाही.

प्रदर्शनाला नेताना तर कसोटीच लागते. साधारण चार फूट बाय दोन फूट अशा प्लायवूडच्या चौकटींवर मांडणी विभागलेली असते आणि सभागृहात त्या खिळीने जुळवतात. दोन चौकटींमधील रुळात केसाएवढा फरक पडला, की गाडी घसरलीच. चंद्रपूरच्या हवामानात हे आणखी अवघड. हिवाळी पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत पस्तीस अंशांचा फरक धरला, तर निकेल-सिल्व्हरचा रूळ मीटरमागे अर्धा मिलिमीटरहून अधिक लांबतो. फटी सोडल्या नाहीत तर तो उन्हाळ्यात कमानीसारखा उचलला जातो. पावसाळ्यात प्लायवूड फुगते ते वेगळेच.

झाडांचीही गोष्ट तशीच. दुकानात मिळतात ते युरोपातील सूचिपर्णी वृक्ष. वीस मीटरचा साग १:८७ प्रमाणात २३ सेंटिमीटर उंच हवा, शेजारी बांबूची बेटे हवीत. ऋतूही ठरवावा लागतो. चैत्रातले दृश्य असेल तर साग निष्पर्ण आणि पळस फुललेला. सगळे मापात बसवायचे, तर एक किलोमीटरला साडेअकरा मीटर जागा लागते. तेव्हा लांबीला कात्री लावण्यावाचून इलाज नाही. रुंदी आणि उंचीत मात्र तडजोड करायची नाही, असा संकेत पाळला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे एक उत्तर इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयात आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड या गृहस्थांना ऑक्सफर्डनजीकची जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना दिसली. १९५४ मध्ये त्यांनी पेंडनची स्थापना केली. १९२०-३० च्या दशकांतील त्या परिसराची घरे मापे घेऊन तिथे १:७६ प्रमाणात उभी आहेत.

विदर्भात असे काम करायचे तर वेळ थोडा आहे. नॅरोगेजची इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात प्रत्यक्ष मोजता येतात. स्थानकांचे तसे नाही. रूळ उचलले, फलाट नवे बांधले, की मोजण्याजोगे फारसे उरत नाही. उरतात ती प्रवाशांच्या घरातील छायाचित्रे. त्यांत रूळ समोरून दिसत असतील तर ७६२ मिलिमीटरची मोजपट्टी आयतीच हाती येते. तेवढ्याच अंतरावर असलेल्या डब्याची रुंदी, फलाटाची उंची किंवा पाटीचा खांब तिच्या आधारे मोजता येतो. अट एवढीच, की छायाचित्राच्या मागे स्थानकाचे नाव आणि साल लिहिलेले असावे.