खरबुजाच्या फाकेवर खारवलेले मांस

कचेरीतील एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात आमच्यापुढे एक बशी आली. खरबुजाच्या गार फाकेभोवती कागदासारखा पातळ, गुलाबी मांसाचा काप गुंडाळलेला. वाढप्याने नाव सांगितले, प्रोशुट्टो. सर्वांनी ते कौतुकाने घोकले. आम्हाला मात्र आजीच्या अंगणातील दोरी आठवली. मीठ-हळद लावलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या, म्हणजे चान्या, त्या दोरीवर उन्हात वाळत. कोणी परके दारात आले की आजी लगबगीने दोरी आत घेई.

इटलीत हे मांस कोणी लपवीत नाही. पार्मा प्रांतातील लांगिरानो परिसरात डुकराची मागची तंगडी फक्त समुद्री मीठ लावून मुरवतात व वर्षाहून अधिक काळ टांगून ठेवतात. मीठ मांसातील पाणी ओढून घेते. पाणी कमी झाले की सडवणाऱ्या जंतूंची वाढ रोखली जाते. १९६३ साली तेथील उत्पादकांनी आपला संघ स्थापला. तयार तंगडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा छाप उमटतो. १९९६ साली युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिले. तेथे उन्हाळ्यात जेवणाआधी हे काप खरबुजाबरोबर आणि अंजिराच्या दिवसांत अंजिराबरोबर खातात. खारटाला गोडाची जोड, एवढेच त्यातील मर्म.

घरी वाढदिवस असेल तर ही बशी दहा मिनिटांत होते. चूल पेटवावी लागत नाही. आठ माणसांसाठी किलोभराचे एक पिकलेले खरबूज धुऊन गार करावे. बिया व साल काढून सोळा फाका कराव्यात. प्रोशुट्टोचे आठ पातळ काप उभे चिरून सोळा पट्ट्या कराव्यात आणि एकेक फाकेभोवती गुंडाळून काडी टोचावी. वरून मीठ मुळीच घालू नये. आवडत असल्यास मिरपूड भुरभुरावी.

हा परदेशी माल महाग असतो, म्हणून खिसा पाहावा. त्याऐवजी शिजवलेल्या हॅमचे तुकडे अननसाबरोबर काडीला लावले तरी चव छान जमते. गोव्याची चोरीस वापरायची असल्यास ती आधी पूर्ण शिजवावी. मांस न खाणाऱ्यांसाठी फळ आणि पनीर वेगळ्या बशीत ठेवावे.

मांस शीतकपाटातून ऐनवेळी काढावे. रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावे. गर्भवती भगिनींनी न शिजवलेले खारवलेले मांस टाळावे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. ती गुलामीची खूण होती, ती गेली हे योग्यच झाले. पण मीठ आणि ऊन यांच्या जोरावर अन्न टिकवणारे आमच्या आज्यांचे हात अडाणी नव्हते. पार्माचा कारागीर जे शास्त्र जाणतो, तेच त्या अनुभवाने जाणत होत्या. फरक इतकाच, की त्याच्या कामावर मुकुट उमटला आणि आमच्या आजीने दोरी आत घेतली.

तेव्हा पाहुण्यांपुढे ही बशी ठेवाल, तेव्हा मुलांना इटलीचे नाव जरूर सांगा. चान्यांचेही सांगा, आणि आवाज खाली न आणता सांगा.